भरती आली, पाणी आलं नाही: नेरूळच्या डीपीएस तलावाचं प्रकरण

नवी मुंबईत पामबीच रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला, नेरूळच्या दिल्ली पब्लिक स्कूलच्या मागे, सुमारे ३० एकरांचं उथळ पाणी आहे. शाळेवरून त्याला डीपीएस तलाव म्हणतात. तलाव म्हटलं तरी तो ठाण्याच्या खाडीचाच बाजूला पडलेला तुकडा. पावसाळ्यात आभाळातलं पाणी आणि एरवी भरतीच्या वेळी खाडीतून आत शिरणारं पाणी, यावर तो जगतो. २०२४ च्या सुरुवातीला यातली दुसरी वाट बंद पडली. खाडीत भरती नेहमीसारखी येत होती, तलावात पाणी येत नव्हतं. त्या उन्हाळ्यात नेरूळ-सीवूड्सच्या रस्त्यांवर भरकटलेले फ्लेमिंगो दिसले, काही मेलेले सापडले, आणि या ३० एकरांचा विषय शेवटी राज्य वन्यजीव मंडळापर्यंत गेला.

प्रकरण बातम्यांमुळे बहुतेकांना माहीत आहे. पण बातमी पक्षी मेल्यापासून सुरू होते. खाडीकाठी दुर्बीण घेऊन उभं राहणाऱ्यांनी तेच प्रकरण भरतीपासून वाचलं तर बरंच वेगळं दिसतं, आणि आपण नक्की काय टिपायला हवं होतं तेही कळतं.

दोन ठिकाणांचा पक्षी

ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या फ्लेमिंगोंमध्ये बहुसंख्य छोटे रोहित असतात (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच). उंची जेमतेम ८०-९० सेंटिमीटर, चोच काळपट लाल. त्यांच्यात मिसळलेले मोठे रोहित उंच आणि फिकट, त्यांची चोच गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. मोठा रोहित चिखलातले किडे, छोटे शिंपले, झिंगे असं काहीबाही खातो. छोट्याचं पोट मात्र नीलहरित शेवाळ आणि डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ यांवरच चालतं. डोकं उलटं करून चोच बुडवायची, जिभेने पाणी आत-बाहेर करायचं आणि चोचीच्या कडांना असलेल्या बारीक दात्यांत अडकलेलं शेवाळ गिळायचं, हा त्याचा उद्योग. त्याला लागतो ओला, मऊ, नुकताच उघडा पडलेला चिखल, नाहीतर वीतभर पाणी.

असा चिखल खाडीत भरपूर आहे, पण दिवसातले काही तासच. मुंबईच्या किनाऱ्यावर रोज दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, आणि मोठ्या उधाणाला दोन्हींमधला फरक साडेचार-पाच मीटरांपर्यंत जातो. शिवडीपासून ऐरोलीपर्यंत ओहोटीला जो करडा, चकचकीत पट्टा दिसतो, तो भरतीला पार बुडतो. फ्लेमिंगोला पोहता येतं. पण तासन्‌तास तरंगत राहणं त्याच्या सोयीचं नाही, आणि तळाचा चिखल तर त्याच्या चोचीच्या पूर्ण बाहेर गेलेला असतो. म्हणून पाणी गुडघ्यावर चढू लागलं की थवे उठतात आणि ओहोटी लागेपर्यंत टेकायला उथळ, मोकळं, निवांत पाणी शोधतात. भांडुपकडची मिठागरं, सीवूड्सकडे डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य ही नौवहन प्रशिक्षण संस्था आणि एनआरआय हे निवासी संकुल यांच्या मागच्या पाणथळ जागा, आणखी दक्षिणेला उरणच्या बाजूला पाणजे, ही सगळी अशी थांबायची ठिकाणं.

थोडक्यात, खाडीचा पक्षी दोन ठिकाणांवर जगतो: खायचं एक, थांबायचं दुसरं. हे फक्त फ्लेमिंगोचं नाही. पाणटिवळे, तुतवार, चिखले, उचाटे सगळ्यांचं वेळापत्रक हेच. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये काही छोट्या रोहितांना जीपीएस यंत्रं बसवली, तेव्हा खाडी आणि या पाणथळ जागा यांच्यातली त्यांची ये-जा नकाशावर दिसू लागली. काठावरून पाहणाऱ्याला ती आधीही दिसत होती, फक्त त्याने भरतीची वेळ लिहून ठेवलेली असायला हवी होती.

आणि भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. कोळीवाड्यातला जुना हिशेब असा: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जो आकडा येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावस्येला हिशेबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या सुमारास. मिनिटांचा फरक पडतो, पण पक्ष्यांसाठी एवढं पुरतं. यातून पुढचं गणित आपोआप निघतं. अष्टमी-नवमीला भांगाची भरती, पाणी फार चढत नाही, चिखलाचे काही उंचवटे उघडेच राहतात आणि बरेच पक्षी खाडीतच रेंगाळतात. त्रयोदशीपासून द्वितीयेपर्यंत उधाण, खाडी काठोकाठ, आणि तलावांवर गर्दी. नेरूळला अष्टमीच्या दुपारी जाऊन ‘एकही फ्लेमिंगो नाही, सगळं संपलं’ असं लिहिणारे दरवर्षी भेटतात. त्या वेळी खाडीत ओहोटी असते आणि पक्षी तिकडे जेवत असतात, एवढंच.

अभयारण्याची रेघ

फ्लेमिंगो इथे पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत असा समज आहे, तो खरा नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शिवडीच्या चिखलावर ते मोठ्या संख्येने दिसू लागले. त्याचं कारण फारसं सुंदर नाही. दोन्ही काठांच्या वस्त्यांचं सांडपाणी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी खाडीत येतं, त्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ पोसतं आणि शेवाळावर छोटा रोहित. खाडी स्वच्छ झाली म्हणून पक्षी आले, असं सांगणाऱ्या पोस्टरकडे म्हणून जरा संशयाने पाहावं. तसंच २०२० च्या टाळेबंदीतलं. नेरूळच्या गुलाबी पाण्याचे फोटो तेव्हा देशभर फिरले आणि माणसं घरात बसली म्हणून पक्षी आले, असं सगळ्यांनी मान्य करून टाकलं. प्रत्यक्षात त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी २०१९ मध्ये, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोजणीत खाडीतल्या फ्लेमिंगोंनी लाखाचा आकडा ओलांडला होता. टाळेबंदीत घरी बसलेल्या माणसांना बाल्कनीतून बघायला वेळ मिळाला, हे मात्र खरं.

ऑगस्ट २०१५ मध्ये राज्य सरकारने ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातलं हे तिसरं. रामसर क्षेत्र अभयारण्यापेक्षा बरंच मोठं, साडेसहा हजार हेक्टरांच्या वर.

आता या प्रकरणाची गोम. अभयारण्याची रेघ खायच्या ठिकाणाभोवती आखली गेली: चिखल, पाणी, काठची तिवरं. थांबायची बहुतेक ठिकाणं तिच्या बाहेर राहिली. डीपीएस तलाव त्यांपैकी एक. पक्षी दिवसातून दोनदा ही रेघ ओलांडतो. रेघेच्या आत त्याच्या केसालाही धक्का लावायची बंदी, आणि तो भरतीला जिथे जाऊन उभा राहतो ती जमीन मात्र शहर आराखड्यातला मोकळा भूखंड. शेजारच्या चाणक्य-एनआरआय पाणथळ जागांवर तर गोल्फ कोर्स आणि घरांची योजनाच होती. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जमिनीच्या वापरातला तो बदल रद्द केला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मुळात नवी मुंबईचा मोठा भाग खार जमिनीवर भराव घालून उभा आहे. भरतीच्या पातळीहून काही भाग खाली असल्याने पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव आणि खाडीच्या पाण्याला अडवायला झडपा, अशी डच पद्धतीची रचना इथे सुरुवातीपासून आहे. अशा शहरात कुठलं पाणी नैसर्गिक आणि कुठलं बांधलेलं, हे सांगणं अवघड, आणि पुढच्या सगळ्या वादाचं मूळ तिथेच आहे.

२०२४ चा मोसम

फ्लेमिंगो नोव्हेंबरपासून येऊ लागतात, जानेवारीपासून गर्दी वाढते आणि मेअखेर ते कच्छच्या रणाकडे परतायला लागतात. २०२४ मध्ये पक्षी नेहमीसारखे आले. नेरूळच्या नव्या जेटीकडे जाणारा रस्ता तलाव आणि खाडी यांच्या मधून जातो. भरतीचं पाणी तलावात येण्याची वाट या रस्त्याखालून होती. ती बंद झाली. नळ गाडला गेला, मोरी तुंबली, गाळ साचला, यातलं कोणी काय केलं यावर बरीच तू-तू-मैं-मैं झाली. परिणामाबद्दल मात्र वाद नव्हता. मार्च-एप्रिलपर्यंत तलाव कडेने आटत मध्याकडे सरकला, काठचा चिखल तडकला आणि उरलेल्या पाण्यावर शेवाळाचा जाड तवंग आला.

याच काळात बातम्या सुरू झाल्या. आधी जेटीजवळच्या मोठ्या फलकावर आदळून काही पक्षी मेले. पुढे तो फलक काढला गेला. मग एप्रिल-मेमध्ये तलावात आणि आसपास मेलेले, जखमी, थकून बसलेले पक्षी मिळू लागले. रस्त्यावर चालत निघालेला फ्लेमिंगो आणि त्याच्या मागे थांबलेल्या गाड्या, असे व्हिडिओ तेव्हाचेच. कुत्र्यांचा त्रास वेगळा. सकाळी चालायला येणारे लोक, पर्यावरण संस्था, पक्षीमित्र यांनी अर्ज, निवेदनं, मानवी साखळी असं सगळं केलं. आणि २० मेच्या रात्री घाटकोपरला मुंबईत उतरणाऱ्या विमानाची थव्याशी टक्कर होऊन ३९ फ्लेमिंगो मेले. विमान सुखरूप उतरलं, पण त्या रात्रीनंतर नेरूळचा तलाव राष्ट्रीय बातमी झाला.

काय कशामुळे झालं

त्या दोन महिन्यांत सगळे मृत्यू एकाच धाग्यात ओवले गेले: तलाव आटला म्हणून पक्षी मेले. भावना समजण्यासारखी आहे, पण प्रकरण म्हणून पाहायचं तर धागे सुटे करावे लागतात.

फलकावरचे मृत्यू टकरीचे आहेत. भरती रात्रीही येते, त्यामुळे थवे रात्रीही तलावाकडे येतात-जातात. त्यांच्या वाटेवर, त्यांच्या उंचीला मोठा आडवा अडथळा उभा केला तर तलाव भरलेला असतानाही टक्कर होईल. उलट भरलेल्या तलावाकडे येणाऱ्यांची संख्या जास्त, म्हणून कदाचित जास्तच होईल. इथला दोष पाण्याचा नाही, जागेच्या निवडीचा आहे.

रस्त्यावर भरकटलेल्या पक्ष्यांचं मात्र पाण्याशी नातं दिसतं. थवा वरून येतो, त्याला ओळखीचा आकार दिसतो, तो उतरायला लागतो आणि खाली पाण्याऐवजी तडकलेला चिखल. फ्लेमिंगोला हवेत उठायला धावण्यापुरती मोकळी जागा लागते. इमारती, कुंपणं, दिव्याचे खांब यांच्या मधल्या पट्टीत उतरलेला पक्षी सहजी उठू शकत नाही. पाणी नव्हतं म्हणून ते थेट मेले असं म्हणणं घाईचं ठरेल. पाणी नव्हतं म्हणून ते जिथे जायला नको तिथे गेले आणि तिथे जे व्हायचं ते झालं, असं म्हटलं तर साखळीतली प्रत्येक कडी जागेवर बसते. साचलेल्या, तापलेल्या, सडक्या पाण्यात आजार पसरण्याची शक्यताही असतेच. पण त्यासाठी शवविच्छेदन हवं, काठावरून ते ठरवता येत नाही.

घाटकोपरच्या अपघाताचं काय? नेरूळचे तलाव आटल्याने पक्षी वाट बदलून पलीकडच्या काठाला भरकटले, हे मत तेव्हा ठामपणे मांडलं गेलं. माझं मत सावध आहे. मे संपत आला की फ्लेमिंगो परतीच्या तयारीत असतात, लांबचा प्रवास ते रात्री करतात आणि घाटकोपर काही खाडीपासून लांब नाही. तलाव भरलेला असता तर ते पक्षी त्या रात्री त्या जागी नसते, हे सिद्ध करायला आधीच्या मोसमांतल्या रात्रीच्या उड्डाणांच्या नोंदी लागतील. अपघाताने नेरूळच्या मागणीला बळ मिळालं, हे चांगलंच झालं. पण दुबळ्या पुराव्यावर भक्कम मागणी उभी केली की समोरच्याला नेमकी तीच वीट काढता येते. ‘घाटकोपरचा तुमच्या तलावाशी काय संबंध?’ असं कोणी म्हटलं की त्या गोंधळात रस्त्याखालची मोरी विसरली जाते, आणि ती तर सगळ्यांना दिसत होती.

विमानांचा मुद्दा खरा आहे, पण दुसऱ्या दिशेने. नवी मुंबईचा विमानतळ या पाणथळ जागांपासून फार दूर नाही. विमानतळाजवळ पक्षी नकोत म्हणून तलाव कोरडे ठेवा, असं वरवर वाटू शकतं. पण ठरलेली जागा गेली म्हणून हजारो पक्षी नाहीसे होत नाहीत. ते दिवसातून दोनदा नव्या जागेच्या शोधात आकाशात फिरत राहतात, आणि मोकळी, सपाट, शांत जमीन त्यांना कुठे दिसेल ते सांगायला नको.

दुर्बिणीतून न दिसणारं

या प्रकरणात पक्षी पाहणाऱ्यांचा वाटा कुठे येतो, हा मला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्या नोंदी बहुधा अशा असतात: तारीख, ठिकाण, जातींची यादी, आकडा, शिवाय एखादा फोटो. डीपीएस तलावासारख्या ठिकाणी अशा नोंदींचा ढीग असूनही उपयोग थोडा. ‘काल पाच हजार होते, आज दोनशे’ यातून तलाव बिघडला असंही निघेल आणि काल पौर्णिमा होती, आज पोचायला तीन तास उशीर झाला असंही निघेल. कार्यालयात बसलेला माणूस दुसरा अर्थ घेणार, आणि त्याला चूक म्हणता येणार नाही.

म्हणून आमच्या भागातले काही जण तेव्हापासून यादीच्या आधी चार गोष्टी लिहितात. तिथी आणि भरतीची वेळ. काठावरच्या एका ठरावीक खुणेपाशी पाणी कुठवर आहे: खांब, दगड, कुंपणाचा पाया, काहीही चालेल, पण दर वेळी तेच. खाडीकडच्या तोंडातून पाणी आत येतंय, बाहेर जातंय की स्थिर आहे. आणि पक्षी कुठून आले, उठले तर कुठे गेले. त्यानंतर मोजणी. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकली तरी हे टिपणाच्या रकान्यात घालता येतं. एकाच जागेवरून, एकाच चौकटीत काढलेला फोटो महिनोन्‌महिने साठवला तर तो कुठल्याही पत्रापेक्षा जास्त बोलतो. मोबाइलचा चालतो, लेन्सची श्रीमंती लागत नाही.

मोजणीचंही तंत्र आहे. आधी शंभर पक्षी एकेक करून मोजायचे, ते दुर्बिणीच्या वर्तुळाचा किती भाग व्यापतात ते डोळ्यांत बसवायचं आणि मग तेवढे तेवढे तुकडे थव्यावर ठेवत जायचं. मध्ये दाट आणि कडेला विरळ असं असतं, म्हणून दोन वेगळे नमुने घ्यावेत. दोघांनी स्वतंत्रपणे मोजून आकडा नंतर सांगावा. पहिल्याने मोठ्याने ‘सात हजार’ म्हटलं की दुसऱ्याचे कधी पाच होत नाहीत. छोटे आणि मोठे रोहित वेगळे लिहावेत, आणि करड्या-तपकिरी रंगाची पिल्लंही. ती इथे जन्मलेली नसतात, गुजरातच्या रणातून उडत आलेली असतात.

सर्वांत उपयोगी ठरते ती तुलना. डीपीएस आणि चाणक्य शेजारी-शेजारी आहेत. मोसम तोच, भरती तीच, शहराचा आवाज आणि उजेड साधारण तोच. दोन्हीकडे एकाच भरतीला दोन माणसं उभी राहिली, आणि एका ठिकाणी पाणी येत असताना तिथे पक्षी आहेत, दुसरीकडे पाणी नाही आणि पक्षीही नाहीत, असं पुन्हा पुन्हा नोंदलं गेलं, तर ‘यंदा फ्लेमिंगोच कमी आलेत’ हे उत्तर टिकत नाही. अशा जोडनोंदी करायला काही खर्च येत नाही, फक्त दोघांनी एकाच वेळी चांगल्या फोटोचा मोह सोडावा लागतो.

मोहाचा विषय निघालाच आहे तर: उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून काठावरून टाळ्या वाजवणारे, दगड भिरकावणारे, चिखलात उतरणारे लोक तलाव भरलेला असो की आटलेला, दर मोसमात येतात. भरतीचे ते तास पक्ष्याचा विश्रांतीचा वेळ असतो. त्यात चार वेळा उठवलं की त्याने ओहोटीला मिळवलेलं हवेत खर्च होतं. मोरी बुजवणाऱ्यावर अर्ज करता येतो, यांच्यावर कुठे करायचा?

फक्त गुलाबी रंगाकडे बघणं हीही एक अडचणच. तलाव आटायला लागला की फ्लेमिंगो जाण्याच्या आधी तिथली इतर वस्ती बदलते. खोल पाण्यात डुबक्या मारणारे पाणकावळे कमी होतात, शेकाटे आणि तुतवार कडेच्या चिखलावर पसरतात, अडकलेल्या माशांवर बगळे, चित्रबलाक आणि चमचे तुटून पडतात. बघणाऱ्याला ते दोन आठवडे मेजवानीसारखे वाटतात, ‘काय सुंदर गर्दी आहे आज’. ती गर्दी पाणी संपत असल्याची खूण असते. बगळ्यांच्या त्या गर्दीकडे बातमी म्हणून पाहिलं असतं तर आरडाओरडा एप्रिलऐवजी फेब्रुवारीत झाला असता, आणि फेब्रुवारीत मोरी उघडणं हे सोपं काम असतं.

कागदावरचा तलाव

सरकारने समिती नेमली, पाहण्या झाल्या, पाण्याची वाट पुन्हा खुली करण्याच्या सूचना निघाल्या. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव करण्याला मंजुरी दिली. अभयारण्याच्या रेघेबाहेरच्या, थांबायच्या ठिकाणाला असं संरक्षण देण्याचा निर्णय महत्त्वाचा आहे, कारण पक्ष्याला दोन जागा लागतात हे त्यात मान्य केलं गेलं.

हा मार्ग का निवडावा लागला तेही पाहण्यासारखं आहे. सरळ मार्ग म्हणजे तलावाला पाणथळ म्हणून अधिसूचित करणं. पण २०१७ च्या पाणथळ नियमांत किनारा नियमन क्षेत्रात येणाऱ्या जागा वगळलेल्या आहेत, आणि मीठ, मत्स्यशेती, पिण्याचं पाणी, सिंचन, करमणूक यांसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठेही. नवी मुंबईत जवळपास प्रत्येक पाण्याबद्दल ‘हे मुळात बांधलेलंच आहे’ किंवा ‘हे किनारा नियमनात येतं’ असं म्हणायला जागा आहे. छोट्या रोहिताला या फरकाशी देणंघेणं नसतं, मात्र वकिलांचं घर त्यावर चालतं. संवर्धन राखीव हा प्रकार वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आला. सरकारी मालकीची जमीन, विशेषतः राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याला लागून असलेली किंवा दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणारी, स्थानिक लोकांशी बोलून राखीव करता येते. तलावाला ते चपखल बसतं. कायद्यातली व्यवस्थापन समिती मात्र खेडं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे. तीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात, कृषी आणि पशुसंवर्धन खात्यांचेही. वीस मजली इमारतींच्या मधल्या तलावासाठी कृषी खात्याचा माणूस काय सुचवेल, हे ऐकायला मला आवडेल. तीन जागा वन्यजीव क्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थांसाठी आहेत. भरतीच्या नोंदी असलेल्या वह्या तिथे पोचल्या तर काम होईल.

संवर्धन राखीव जाहीर करताना सीमा जमिनीची आखली जाते. डीपीएस तलावाचं पाणी मात्र त्या सीमेबाहेरून येतं: रस्त्याखालून, तिवरांच्या मुळांमधून, खाडीच्या एका चिंचोळ्या फाट्यातून. ३० एकरांत कोणी वीटही ठेवली नाही आणि बाहेरच्या तोंडाशी गाळ साचला, तर २०२४ चा उन्हाळा पुन्हा येऊ शकतो, आणि या वेळी दोषी कोण यावर भांडायलाही कोणी सापडणार नाही. पावसाळ्यात तलाव आभाळाच्या पाण्याने भरलेला असतो, त्यामुळे तोंड बंद झालंय हे तेव्हा कळत नाही. कळतं ते डिसेंबरनंतर, म्हणजे पक्षी येऊन बसल्यावर.

म्हणून पाहणीचा दिवस पक्षी यायच्या आधीचा हवा. कोजागिरी सोयीची आहे: पाऊस सरलेला, उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास, फ्लेमिंगो अजून यायचे. त्या दिवशी साडेदहालाच मोरीपाशी जाऊन उभं राहावं, पाणी आत शिरायला लागलं ती वेळ आणि थांबलं ती वेळ लिहावी, काठाच्या खुणेचा फोटो काढावा. शिरलं नाही तर तोच फोटो जोडून वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे आणि महापालिकेकडे त्याच आठवड्यात अर्ज द्यावा. जेसीबी दिवाळीआधी आणता येतो. जानेवारीत तो आणला तर आधी पाच हजार पक्षी उठवावे लागतात.